शिखरावरचा कांदा

दोस्तहो, आज सकाळी माही आई हिमालयातल्या एका शिखरावर चढली! आमी अकोल्याचे, बर्फ पायला तो रसवंतीवरच.

खाली गाईड म्हणाला होता, "माताजी, आप यहीं रुकिए."

आई म्हणे, "काहून? अकोल्याचं ऊन सोसलं, हे थंडी काय करते मले?"

वर पोचलो. चारी बाजूंनी पांढरे डोंगर, खाली देवदाराचं रान. आईनं जॅकेटच्या खिशातून काढला कांदा! ऊन लागू नये म्हणून घराबाहेर पडतानी कांदा ठेवाची सवय, तो इथंबी आला. गाईड पोट धरून हसला.

आईनं कांदा बुक्कीनं फोडला, पोळी-ठेच्यासंग त्याच्या हातावर ठेवला अन् म्हणाली, "खा बाबू. आता उतरतानी तू माह्या मांगं ये."