तीनशे वाक्यं

आमच्या ह्यांना दोन आवाज होते. एक इथल्या, आखातातल्या मीना अब्दुल्ला गावच्या रिफायनरीतून दमून घरी येणाऱ्या धैर्यशीलचा: "विजे, च्या टाक की गं, डोकं उठलंय!" अस्सल कोल्हापुरी. दुसरा माइकवरचा: "उपस्थित रसिकहो, सविनय स्वागत!" वीस वर्षं इथल्या मराठी मंडळाचं सूत्रसंचालन ह्यांच्याकडेच. त्या दुसऱ्या आवाजाला मी आणि आमची लेक क्षितिजा पोट धरून हसायचो.

गेल्या वर्षी घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावंच लागेल, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. हातात आठ दिवस. क्षितिजा कॉम्प्युटरवर नाचाची गाणी बनवते, ती धडाधड वाजणारी, रोबोटच्या आवाजातली. ती म्हणाली, "बाबा, सिंपल आहे. तीनशे वाक्यं रेकॉर्ड करा. मग तुम्ही टाइप कराल ते फोन तुमच्या आवाजात बोलेल."

ह्यांनी खोलीचं दार लावून तीनशेच्या तीनशे म्हटली. पण समोर माइक दिसला आणि गडी सूत्रसंचालक झाला! "आज बाजार बंद आहे" हेसुद्धा असं म्हटलं, जणू प्रमुख पाहुण्यांना हार घालायचाय. मी ऑपरेशनच्या धावपळीत. एकदा दार उघडून ऐकायचं काही मला सुचलं नाही. माझंच मेलं चुकलं.

ऑपरेशननंतर महिन्याभराने घरात फोन पहिल्यांदा बोलला, "विजे, च्या टाक." शब्द ह्यांचे, आवाज स्टेजवरचा, त्यात यंत्राची खरखर. मी ओट्याशी तशीच उभी राहिले. गॅस पेटवायचाही राहिला.

मग मी वेड्यासारखी तो घरातला आवाज शोधत राहिले. एकदा, फक्त एकदा मला तो 'विजे' ऐकायचा होता. माझा फोन पाहिला, लेकीचा पाहिला, गावाकडे दिराला विचारलं. काही नाही हो! एकाच घरात राहणाऱ्या नवऱ्याचा आवाज कोण भरून ठेवतं? लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा व्हिडिओ सापडला, तर त्यातही हे माइक घेऊन उभे!

क्षितिजाने त्या यंत्राच्या आवाजाचं गाणं केलं. गेल्या शुक्रवारी दुपारी मंडळाच्या कार्यक्रमात हे फोन घेऊन स्टेजवर गेले. धाड धाड ठेका सुरू झाला आणि रोबोट गरजला, "रसिकहो, हात वर! वर! वर! वर!" बँकेतले, हॉस्पिटलातले, पोरंटोरं, सगळी नाचली. वन्स मोअर झाला. हे टाइप करायचे, यंत्र म्हणायचं, लोक शिट्ट्या मारायचे. ऑपरेशननंतर ह्यांना मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं. आता कुठल्या तोंडाने सांगू, की हा आवाज मला नकोसा झालाय?

गाडीत बसलो. माझे डोळे भरलेले पाहून ह्यांनी टाइप केलं. उत्तेजनार्थ बक्षीस जाहीर करावं तसा फोन म्हणाला, "विजे, रडतीस काय गं?"

"नाही हो," मी म्हटलं. "छान झालं."

ह्यांनी फोन बाजूला ठेवला. माझा हात धरला आणि ओठ हलवून काहीतरी सांगू लागले. बराच वेळ सांगत होते. मला एक अक्षर कळलं नाही. मी हो हो म्हणत राहिले.