जालीची दारं

बाभळीला नुसतं सरपण समजणाऱ्यांनो, तुम्ही या झाडावर फार अन्याय केलाय! काटे दिसले की कुऱ्हाड उचलता आणि घराला दारं मात्र भुशाच्या फळ्यांची, पाणी लागलं की फुगणारी. आज मी हे ठणकावून सांगतेय खरं. पण बाभळीशी माझी ओळख कशी झाली, ते सांगताना अजून कान गरम होतात. चहा घ्या, सांगते.

सीमाभागातल्या आमच्या कमठाण्यात आम्ही वाचनालय काढत होतो. नीलम्मा अव्वांनी आपली रिकामी खोली दिली होती, भिंतीत भलंमोठं कपाट असलेली. आधी जमवलेली पुस्तकं आम्ही पेटीत बंद ठेवली होती, ती बुरशीनं गेली. गाव पोटभर हसलं. आता मात्र पुस्तकांना वारा लागला पाहिजे, येणाऱ्याला ती बाहेरूनच दिसली पाहिजेत. म्हणून कपाटाला जाळीची दारं! रविवारी उद्घाटन ठरलं.

नौबादचे सुतार शरणप्पा अण्णा घरी कन्नड बोलतात. मला तीन भाषा येतात हा माझा तोरा. बाजारात दखनीत जाळीला ‘जाली’ म्हणतात, तोच शब्द मी फोनवर बेधडक कन्नडात बसवला. “अण्णा, जाली बेकु. पूर्ण जालीचीच दारं हवीत.”

अण्णा थबकले. लई जड होईल म्हणाले. मी हसले. जाळीला वजन ते काय असणार? कपाटाला कुणी लावत न्हाई, असंही म्हणाले. त्यावर मी त्यांना भाषणच दिलं, की कुणीतरी सुरुवात करायलाच हवी.

“आणि उंदीर?” मी विचारलं.

“दात मोडतंय त्याचं.”

आता सांगा, मला शंका यावी तरी कशी?

शनिवारी टेम्पो आला. चार माणसांनी कण्हत दोन दारं उतरवली आणि विटांवर आडवी ठेवली. तांबूस, गुळगुळीत, देखणी. आणि सुईसुद्धा आरपार जाणार नाही इतकी भरीव.

“अण्णा, जाली कुठाय?”

त्यांनी दारावर थाप मारली. “ही काय. गाडीच्या चाकासाठी वाळवून ठेवल्तो, तुमच्यासाठी काढलो.”

“पण हिला भोकं कुठायत?”

अण्णांचा चेहरा उतरला. “माझ्या कामात भोकं शोधायलाव व्हय, अक्का?”

ओट्यावर बसलेल्या अव्वा पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. कन्नडात जाली म्हणजे बाभूळ, हे त्यांनीच मला सांगितलं.

तरी मी हट्टानं दारं लावायला लावली. पहिला खिळा वाकला, दुसराही वाकला. गिरमिटानं भोकं पाडून कशीबशी बिजागरी बसवली, तर दाराच्या वजनानं कपाटाची चौकटच भिंतीतून सुटली. दारं पुन्हा विटांवर गेली. उद्या गाव परत हसणार, या विचारानं मी एका दारावर मटकन बसले. अव्वा बसल्या, अण्णा बसले, टेम्पोवाले चौघंही बसले.

दार हूं की चूं करेना. मी उठून कपाटाकडे पाहिलं. आत रचलेली नवी पुस्तकं उघडी, वारा भरपूर; दारं हवीत कशाला?

रविवारी दोन्ही दारं, विटांवर चढवून, खोलीत टेबलं झाली. भोवती सतरंजीवर पोरीबाळी, म्हातारे, सगळे कोपरं टेकून वाचत होते. कुणी हसलं नाही. मला भलताच जोर चढला. म्हटलं, आता बसायला बाकंही बाभळीचीच. मी लगेच अण्णांना फोन लावायला घेतला.

अव्वांनी माझा हात धरला. “पोरी, बाकं सांगू नको. दारंच सांग, बाकं बरोबर येतेत.”