सासूने भाकर सोडली

माझ्या सासूने, तानुबाईने, भाकर सोडली आणि गावाने दोष मला दिला. आमच्याकडे ‘भाकर सोडली’ म्हणजे एक तर माणूस चार दिवसांचा सोबती, नाहीतर घरात कुणीतरी त्याला छळतंय. तिसरा अर्थ नाही. आमच्या घरात तिसराच अर्थ होता आणि तो मला बाहेर सांगता येत नव्हता.

तानुबाई सुईण होती. चिखलीच्या आसपासच्या सात-आठ गावांतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली. सुईणीला खाऊ घातल्याशिवाय बाळंतिणीच्या घरातून कुणी सोडत नाही. बाळ रडलं की आधी गुळाचा खडा, मग पाचवीचं जेवण, मग बारशाच्या घुगऱ्या आणि पुरणपोळी. नको म्हटलं तर अपशकुन. तीस वर्षं ती लोकांच्या आनंदाचं खात गेली आणि ते सगळं तिच्या अंगावर राहिलं. खाली बसली की उठवायला मी आणि माझा नवरा, दोघं लागत.

तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. वाटलं ते कोकिळाच्या वेळी. कोकिळा तिची एकुलती लेक, देऊळगाव राजाच्या अंगाला एका टेकडीवरच्या वस्तीत दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, पुढची सासरी, हा रिवाज. दुसऱ्या खेपेला निरोप आला तशी सासू निघाली. पायथ्यापर्यंत बैलगाडी जाते, पुढे पाऊलवाट. अर्ध्या वाटेवरच्या पळसाखाली ती दम खायला बसली, ती उठलीच नाही. गुडघे साथ देईनात. थोड्या वेळाने वरून माणूस आला तो हेच सांगायला, की पोरगा झाला होता, नाळ गळ्यात अडकली होती, सोडवणारं कुणी नव्हतं.

पुढच्या श्रावणात कोकिळाला चौथा महिना असल्याचं कळलं. सासू दुसऱ्याच दिवशी मला सोबत घेऊन चिखलीच्या दवाखान्यात गेली, वजन उतरवायचं औषध विचारायला. डॉक्टर नागपूरकडून बदलून आलेले, बोलायला तुटक.

“भाकरी, पोळी, भात, गूळ, साखर, सगळं बंद,” ते म्हणाले.

“मंग खाऊ काय, डाक्टरसायेब? माती?”

“अंडी खा. पालेभाजी, ताक, थोडे शेंगदाणे. नेमाने केलंत तर पौषात टेकडी चढाल.”

परत येताना गाडीत ती म्हणाली, “गोजरे, पौषापर्यंत मले भाकर देऊ नोको. म्या मांगितली तरी नोको, रडली तरी नोको. अन् कोकिळाचं नाव कोनापाशी काढू नोको. दृष्ट लागते.”

म्हणणं सोपं होतं. निस्तरणं माझ्याकडे आलं. सकाळी शेतात तांदुळजा, चिवळ अशी रानभाजी खुडायची, मग आमच्या भाकरी, मग तिची भाजी निराळी, अंडी निराळ्या भांड्यात. तिचं डोकं दुखायचं, हातपाय गळायचे, ती माझ्यावर डाफरायची. तव्यावर भाकर पडली की अंगणात जाऊन बसायची आणि ज्वारीचा वास अंगणातही जायचाच. मीही माणूसच. तिच्यासमोर घास मोडायची मला चोरी झाली.

भादव्यात एका संध्याकाळी तिचा धीर सुटला. “गोजरे, चतकोर तरी दे व!” म्हणून ती हमसून हमसून रडायला लागली. मी टोपलं उचलून फळीवर ठेवलं आणि म्हणाले, “नाही देत.” नेमकी त्याच वेळी शेजारची अंबूबाई विस्तव मागायला दारात उभी.

झालं. आठ दिवसांत वरवट बकालहून सासूची बहीण रुखमाबाई रडतच येऊन धडकली. “काऊन व, माह्या बहिणीले भाकर बी जड झाली का तुले?” सासू तेव्हा दोन अंडी आणि वाटीभर माठाची भाजी खात बसली होती. ती म्हणाली, “मी जेवून राह्यली ना वो बाई.” रुखमाबाईने ताटात डोकावून पाहिलं. “भाकर नाही तं जेवण कायचं?” आणि पुन्हा रडायला लागली. मी खालमानेने तिच्यासाठी भाकरी थापल्या. इतका राग आला होता की दोन तर जाळल्याच.

पुढे गावातल्या पुंजाजीच्या घरी नातू झाला. सासूने गुळाचा खडा तोंडात न टाकता पदराला बांधला, तो कुणीतरी पाहिला. त्यानंतर बोलावणी कमी झाली. बांगड्या तिच्या कोपरापर्यंत घसरू लागल्या, चोळ्या मी दोनदा आत घेतल्या. बारीक झाली म्हणून ती काही बरी दिसत नव्हती, थकलेली दिसत होती. मीही.

पौषात कोकिळाचे दिवस भरले म्हणून तिचा दीर निवृत्ती सकाळीच गाडी घेऊन आला. पायथ्याला उतरलो आणि ती पुढे, मी मागे. पळस आला.

“आत्याबाई, बसा जराशा,” मी म्हणाले. दम मलाच लागला होता.

“नाई. इथं बसली का उठत नाई मी.” तिने झाडाकडे पाहिलंसुद्धा नाही.

आम्ही वर पोचलो आणि घटकाभरातच कोकिळा मोकळी झाली. पोरगी झाली. नाळ याही खेपेला गळ्यात होती. सासूची दोन बोटं नाळेखाली सरकली, वेढा निघाला आणि पोरगी कोकलली.

कोकिळाच्या सासूने, कौशल्याबाईने, गूळ आणला. “इहीणबाई, आता तरी तोंड गोड करा.”

सासूने खडा घेतला आणि सरळ माझ्या तोंडात घातला. “आधी हिले. लोकाईनं पाच महिने हिले नावं ठेवली, अन् हिनं माह्यापायी ऐकून घेतली.” मग कौशल्याबाईला म्हणाली, “मले गूळ नोको. भाकर असंल तं द्या.”

गरम भाकर आली. सासूने मोडली, वास घेतला, एक एक घास चावून खाल्ला. पाच महिने जिच्यासाठी रडली, ती तिला अर्धीच गेली. तिने ताट माझ्याकडे सरकवलं आणि बसल्या जागी भिंतीला टेकून झोपली.

उरलेली अर्धी मी खाल्ली.