टोवेने आणलेला केक

पत्र मी खणात टाकलं, जेवणानंतर फाइलला लावू म्हणून. चूक म्हणाल तर एवढीच.

पत्र एका जोडप्याचं होतं. उपचारांतून उरलेले तीन भ्रूण त्यांनी संशोधनाला देऊ केले होते. आता त्यांचं मन बदललं होतं. वापरू नका, नष्ट करा. वापरले जाईपर्यंत तसं म्हणायचा त्यांना हक्क असतो.

दोन दिवसांनी टोवे त्या भ्रूणांच्या गोठवलेल्या नळ्या उघडायला बसली. डेन्मार्कमध्ये ओडेन्सला असलेल्या आमच्या मूलपेशी प्रयोगशाळेत ती सत्तावीस वर्षं तंत्रज्ञ होती. पावसातही सायकलने यायची, काळ्या पावावर कलेजीचा लेप लावून खायची आणि नव्या माणसाला एकच धडा द्यायची: "ह्या संमतीच्या कागदावर कुणीतरी जेवणाच्या टेबलाशी भांडून सही केलीय. नीट वाच."

त्या दिवशी तिच्या हातांत मोजे होते, म्हणून कागद पाहायचं काम माझ्याकडे होतं.

"संमती पाहिलीस ना रे, लेमविगकर?" मी लेमविग गावचा, म्हणून ती मला अशीच हाक मारायची.

"पाहिली की."

"पाहिलीस, की नुसतं म्हणतोयस?"

"टोवे, मी काय काल आलोय?"

"काल नाही. मार्चमध्ये."

ती हसली आणि नळी उघडली.

नऊ दिवसांनी चिकटपट्टी शोधताना पत्र हाती लागलं. तोवर दोन बश्यांत पेशी छान धरल्या होत्या. टोवेने पत्र दोनदा वाचलं, मोजे चढवले आणि दोन्ही बश्यांत स्वतःच्या हाताने ब्लीच ओतलं. मग त्या जोडप्यातल्या बाईंना फोन केला, सगळं सांगितलं. पलीकडून एकच प्रश्न आला: कोणत्या दिवशी? टोवेने तारीख सांगितली.

नैतिकता समितीला पाठवायच्या अहवालात तिने लिहिलं, "शेवटची खात्री मी करायची होती."

"पण पत्र तर मी..."

"सही माझी आहे. तुला इथे चाळीस वर्षं काढायचीत, मला आठ महिने."

मी गप्प बसलो. त्याला फार जोर लावावा लागला नाही, हेच अजून टोचतं. समितीने तिला त्या कामावरून काढलं. सत्तावीस वर्षं भ्रूण हाताळलेली बाई उरलेले आठ महिने बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत बसली.

आमच्याकडे रीत आहे: चूक ज्याची, शुक्रवारचा केक त्याचा. त्या शुक्रवारी टोवेने खोबऱ्याचा थर दिलेला केक आणला. "टोवे चुकली, म्हणजे आता सूर्यही पश्चिमेला उगवणार," असं कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो. दोन तुकडे खाल्ले.

आता नळ्या मी उघडतो. कागद तीनदा वाचतो, लोक कंटाळतात. टोवेचं घर सायकलने वीस मिनिटांवर आहे. गेल्या शुक्रवारी मी तसाच केक भाजला. वरचं खोबरं एका कडेला जरासं करपलं. न जायला मला तेवढं निमित्त पुरलं.