पायाळूची कंबर

मी पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आले. अशा माणसाने पाठीला लाथ लावली की कमरेतली उसण उतरते, असं आमच्यात मानतात. शाळा माझी तिसरीतच सुटली, पण नायगावच्या आमच्या चाळीत हा मान माझा होता. कोणाची कंबर धरली की तो माझ्या दारात पाठ करून उभा राहायचा. मी डाव्या पायावर उभा राहून उजवा हलकेच लावायचो.

गेल्या वर्षी माझीच धरली. कमरेच्या खाली, उजव्या ढुंगणाच्या वर. बसलेला उठलो की आत सुरा फिरायचा. जिना तर नकोच.

मुलगा म्हणाला, "बाबा, डॉक्टरला दाखवू."

"अख्खी चाळ ज्याच्या लाथेने बरी झाली, तो डॉक्टरकडे जाईल?"

"मग मारून घ्या स्वतःलाच लाथ!"

ती काही जमत नाही. म्हणून लालबागच्या एका पायाळू म्हातारीकडे गेलो. ती हसायलाच लागली. "अरे, तू पण पायाळू, मी पण पायाळू. कोणाची लाथ कोणाला लागू पडणार?" तरी लावली, आणि चांगली जोरात लावली. मी भिंत धरून खाली बसलो तो उठताच येईना. मुलाने टॅक्सीत घालून सरळ हॉस्पिटलात नेलं.

मुलाने लाथेचंही सांगितलं. डॉक्टरने पालथं निजवून नेमका तिथेच अंगठा दाबला. मी ओरडलो.

"पाठीचा कणा खाली जिथे कमरेच्या हाडाला जुळतो ना, तो सांधा दुखावलाय. काम काय करायचात?"

"गिरणीत. मागावर उभा."

"एका पायावर भार टाकून?"

"नाहीतर कसा टाकणार?"

"त्यानेही होतं, वयानेही होतं. लाथ मात्र पुन्हा नको."

पट्टा दिला, गोळ्या दिल्या, उताणं पडून करायचे व्यायाम दिले. पुढे सांध्यात इंजेक्शनही दिलं. थोडे दिवस बरं वाटलं, मग दुखणं परत आपल्या जागेवर. आणि बजावलं, एका पायावर उभं राहायचं नाही.

परवा शेजारची सून दारात आली. "काका, धरलीय हो. लावा ना." पाठ करून उभी राहिली. मी चौकट धरली, पाय उचलायला गेलो. वीतभरही उचलला गेला नाही.

"लावली का हो?"

तिने वळून बघितलं. दोन्ही हातांनी चौकट धरलेला म्हातारा दिसला तिला.

"राहू द्या, काका," म्हणाली, आणि तशीच वाकडी निघून गेली.

व्यायाम मी अजून करतो. दार उघडंच असतं. पाठ करून कोणी उभं राहत नाही.