ताईला कुणी विचारलंच नाही

नाताळच्या करंज्या तळल्याचा वास आला, की मला ताईचं हडपसरचं घर आठवतं. ताईला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. तिच्या हृदयाची झडप खराब होती; हे बाळंतपण झेपणार नाही, गर्भ काढून टाका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तरी ताई धापा टाकत करंज्या तळत होती आणि बाहेरच्या खोलीत तिच्या पोटावरून वाद पेटला होता. तिच्या सासूबाई कॅथलिक. "जीव देवानं दिलाय, तो काढणारे आपण कोण?" त्या म्हणाल्या. आमचे वडील प्रोटेस्टंट. "अहो, मग माझी मुलगी काय मंडईतून आणलीय?" त्यांनी विचारलं. आमची आत्याही प्रोटेस्टंटच, पण ती सासूबाईंच्या बाजूनं बायबल उघडून बसली. वचनावर वचन निघत होतं आणि भावोजी खाली मान घालून ऐकत होते. शेवटी मी ओरडले, "अहो, तिला विचारलंय का कुणी?" ताई पिठाच्या हातांनी दारात आली. "मला जगायचंय," ती म्हणाली, "माझी दोन पोरं आहेत." भावोजी उठले आणि रिक्षा घेऊन आले. सासूबाई दवाखान्यात फिरकल्यासुद्धा नाहीत. पण ताई घरी आल्यावर तिच्या उशाशी बसून पेज भरवली ती त्यांनीच, आणि प्रत्येक घासाला "पाप ते पापच. हं, तोंड उघड," असं म्हणत. ताई आज सत्तरीची आहे. सासूबाईंची आठवण निघाली की तिचे डोळे भरून येतात. मला मात्र अजूनही त्यांचा राग येतो.