बसमधला खबऱ्या

रत्नाताईंना लोंबकळणारी वायर दिसली की हात आवरत नसे. कुणाचा चार्जर असो, बसच्या ड्रायव्हरपुढचा छोटा पंखा असो, त्या वायर दोन बोटांत धरायच्या आणि डोळे मिटून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटं नेत जायच्या. मध्येच थांबून म्हणायच्या, "हितं मोडलीय." आणि ती तिथेच मोडलेली असायची. एका लग्नात नवरदेवाच्या मामांनी त्यांना डेकोरेशनवाली समजून माइकची तक्रार सांगितली होती. ताईंनी पानावरून उठून माइकही बघितला होता.

चाकणच्या आमच्या कंपनीत दुचाकीत बसवायचे वायरींचे जुडगे तयार होतात. आम्ही बायका लाइनवर वायरी जोडायचो आणि शेवटच्या टेबलावर रत्नाताई ते जुडगे तपासायच्या. बीडकडच्या, पन्नाशी उलटलेल्या, बोलायला कमी. दोष सापडला की त्या जुडग्याला लाल टॅग बांधायच्या, पण टॅगवर सही मात्र तो जोडणाऱ्या बाईचीच घ्यायच्या. हातापाया पडूनही सुटका नसे. "टॅग मी बांधीन. सही ज्याची त्यानं करायची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अशा सह्या मी पुष्कळ केल्या आहेत आणि दर सहीला मनातल्या मनात त्यांना शिव्याही घातल्या आहेत.

चिखलीहून आम्ही सगळ्या कंपनीच्या बसने जायचो. किती जणी चढल्या हे लाइनच्या साहेबांना फोन करून कळवायचं काम माझ्याकडे होतं. फोन झाला की मी धुळीपायी तोंडाला स्कार्फ घट्ट बांधायची आणि कानात बोळे घालून गळ्यातल्या नेकबँडवर गाणी लावायची. रोजचंच होतं, म्हणून त्यात काही वावगं असेल असं कधी वाटलं नाही.

त्या दिवसांत रविवारचा ओव्हरटाइम सक्तीचा झाला होता. आम्ही कंत्राटी, नाही म्हणायची सोय नव्हती. एका मंगळवारी बसमध्ये सुवर्णा उसळून म्हणाली, "या रविवारी कुणीच जायचं नाय. सगळ्याच नाय म्हटल्या तर कुणाकुणाला काढतील?" सुवर्णाच्या एकटीच्या पगारावर तिचं घर चालायचं, तरी बोलली तीच. मीही कानातून गाणी काढून चर्चेत घुसले. शनिवारी सगळ्यांनी मिळून साहेबांना सांगायचं ठरलं.

शनिवार उजाडलाच नाही. त्याच मंगळवारी दुपारी साहेबांनी सुवर्णाला केबिनमध्ये बोलावलं आणि तिचंच वाक्य तिला ऐकवलं. "कुणाकुणाला काढतील म्हणालीस ना? तुझ्यापासून सुरू करतो." बुधवारी तिला गेट बंद झालं.

बसमधलं बोलणं केबिनमध्ये पोचवलं कुणी? रोज सकाळी तपासणीचा कागद घेऊन केबिनमध्ये जाणारी एकच बाई होती. रत्नाताई एकदाच म्हणाल्या, "म्या न्हाई सांगितलं." पण साप साप म्हणून भुई धोपटायला आम्हाला कुणीतरी हवंच होतं. त्यांच्या शेजारची सीट रिकामी राहू लागली. कॅन्टीनमध्ये त्या एकट्या जेवायच्या. "खबऱ्या आला," असं त्यांना ऐकू जाईल इतपत मोठ्याने कुणीतरी म्हणायचं. मी रोज त्यांना भाजी द्यायची, तीही बंद केली. रविवारी सगळ्या मुकाट्याने कामावर गेलो.

माझं स्वतःचं वेगळंच दुखणं आधीपासून चालू होतं. मध्येच गाणं बंद पडायचं, आवाज आपोआप वाढायचा, फोन आपल्या मनाने कुणालाही लागायचा. आकुर्डीची बहीण तर वैतागली होती. "फोन करतेस आणि नुसती बसची घरघर ऐकवतेस," म्हणायची. सुवर्णाच्या प्रकरणाआधीच काळेवाडीतल्या दुकानदाराने फोन पुसून कोरा केला होता. माझे फोटो तेवढे गेले, रोग तसाच.

एकदा कॅन्टीनमध्ये मी नेकबँड आपटत होते. पलीकडच्या टेबलावरून रत्नाताईंना राहवलं नाही.

"आण हिकडं."

सगळ्या बघत होत्या. मला लाज वाटली, त्यांच्याशी बोलताना दिसण्याची. तरी गेले. त्यांनी वायरीवरून बोटं फिरवली.

"वायर ठीक हाय. कवा करतंय आसं?"

"बसमध्ये."

"घरी?"

"घरी नाही."

"मग बशीत काय येगळं आसतंय?" त्यांनी माझ्या खांद्यावरच्या स्कार्फकडे बघितलं. "उद्या निस्ता स्कार्फ बांधू नको. बाकी समदं हाय तसं. येका येळंला येकच बदलायचं. दोन बदलले की चोर सापडत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी धूळ खात गेले, पण फोन गुणी बाळासारखा वागला. तिसऱ्या दिवशी ताईंच्या सांगण्यावरून स्कार्फ पुन्हा बांधला. साहेबांना हजेरी कळवून झाली, तशा त्या माझ्या सीटपाशी आल्या. स्कार्फची गाठ माझ्या गळ्याच्या उजव्या बाजूला होती. त्यांनी गाठीखाली बोट घातलं. गाठ नेमकी नेकबँडच्या बटणावर बसली होती. बसला खड्ड्यात दणका बसला, बटण दोनदा दाबलं गेलं आणि फोनने शेवटचा नंबर पुन्हा लावला. पडद्यावर नाव उमटलं: साहेब.

ताईंनी झटकन फोन कापला. मग विचारल्याविना त्या फोनची यादी मागे सरकवत गेल्या आणि सुवर्णा बोलली त्या मंगळवारवर थांबल्या. साहेबांना दोन फोन होते. पहिला हजेरीचा, अर्ध्या मिनिटाचा. दुसरा एकोणीस मिनिटांचा.

सगळ्या बायका बघत होत्या. आता ही बाई तोंड उघडणार आणि मी संपले, एवढंच डोक्यात होतं. रत्नाताईंनी फोन माझ्या हातात ठेवला.

"गाठ डाव्या अंगाला मारत जा," म्हणाल्या आणि आपल्या एकट्या सीटवर जाऊन बसल्या.

"काय गं, काय झालं होतं?" शेजारणीने विचारलं.

"काही नाही. बटण खराब आहे," मी म्हणाले.

त्यानंतरचे चार दिवस माझे मला माहीत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं आहे. कुणी हसलं तरी मला वाटायचं, कळलं. ताईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि खबऱ्या म्हणवून त्याच घेत होत्या. पाचव्या दिवशी माझ्या एका जुडग्यात दोष निघाला. त्यांनी लाल टॅग बांधला, पेन पुढे केलं. सही करता करता मी विचारलं,

"ताई, तुम्ही सांगत का नाही?"

"टॅग तर बांधला की म्या," त्या म्हणाल्या आणि पुढचा जुडगा उचलला.

दुसऱ्या दिवशी बस सुटल्यावर मी उभी राहिले आणि फोन दाखवून सगळं सांगितलं. आधी कुणाला कळेना. मग एकच गलका झाला. "म्हंजे तू व्हय?" "आणि इतके दिवस गप बसलीस?" मागून कुणी म्हणालं, "हिचं बटण दाबलं गेलं राव, पण त्या बाबानं एकोणीस मिनिटं झाली तरी फोन का नाय कापला?" पण मला ते पुरेसं नव्हतं. बटण चुकून दाबलं गेलं होतं, गप्प मी मुद्दाम बसले होते.

संध्याकाळी सुवर्णाच्या घरी गेले. तिने दारातच ऐकून घेतलं आणि दार लावलं. ती आता चिखलीतल्या एका वर्कशॉपमध्ये जाते. माझ्याशी अजून बोलत नाही, आणि त्यात तिचं काही चुकत नाही.

दुसऱ्या सकाळी मी बसच्या शेवटच्या सीटवर एकटीच बसले. पुढच्या बायका सीटवर हात थापटून ओरडत होत्या, "रत्नाताई, इकडं या! इथं बसा!" ताईंनी त्यांच्याकडे बघून मान हलवली आणि पिशवी सावरत मागे माझ्यापर्यंत आल्या. गेल्या वर्षी काम सोडून त्या गावी गेल्या, पण रत्नाताई म्हटलं की मला त्या अजून तशाच दिसतात, धावत्या बसमध्ये दांडा धरून माझ्यासमोर उभ्या.

"सरक," त्या म्हणाल्या.